पॉइंट टू-टू पिस्तुलात राउंड अडकतो तेव्हा: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

रेंजवर पिस्तूल अडकलं की दहापैकी नऊ जण एकच गोष्ट करतात. बोल्ट (राउंड आत ढकलणारा, मागे-पुढे सरकणारा भाग) मागे ओढतात, अडकलेला राउंड, म्हणजे काडतूस, खाली पाडतात, ‘झालं मोकळं’ म्हणतात आणि पुढचा शॉट घेतात. संध्याकाळपर्यंत तीच तक्रार चार वेळा आलेली असते आणि कोचने ‘नेमकं काय अडकलं होतं?’ असं विचारलं तर कुणालाच सांगता येत नाही. मग अंदाजाने स्प्रिंग बदलली जाते, काडतुसांचा महागडा लॉट आणला जातो किंवा पिस्तूलच खराब म्हणून ठरतं. मूळ दोष बहुतेक वेळा मॅगझिनमध्ये किंवा चेंबरच्या (नळीच्या मागच्या टोकाला राउंड बसतो ती जागा) तोंडाशी असतो, आणि तो दिसायला हवा असेल तर बोल्ट ओढण्याआधी बघावं लागतं.

हा लेख २५ मीटर स्पोर्ट पिस्तूल खेळणाऱ्यांसाठी आहे. पिस्तूल सेमी-ऑटोमॅटिक, काडतूस .२२ लाँग रायफल, मॅगझिन पाच राउंडचं. परवाना तुमच्या नावावर किंवा क्लबच्या नावावर आहे आणि तपासणी रेंजवर, कोचच्या नजरेखाली होणार आहे, हे गृहीत धरलं आहे. राउंड भरलेलं पिस्तूल घरी हॉलमध्ये बसून ‘बघणं’ या लेखात कुठेही बसत नाही.

## तयारी: आधी हे जवळ ठेवा

मॅगझिनवर नंबर टाका. तळपट्टीवर पर्मनंट मार्करने १, २, ३ एवढं पुरे. नंबर नसेल तर पुढचं अर्धं काम अंदाजाने होतं.

एक छोटी वही. मोबाइलमध्ये लिहीन म्हणणारे लिहीत नाहीत.

नायलॉनचा ब्रश (जुना टूथब्रश चालतो), .२२ मापाचा ब्राँझचा चेंबर ब्रश, स्वच्छ सुती कापडाचे तुकडे, इअरबड, बांबूच्या टूथपिक, बारीक टॉर्च, सॉल्व्हंट आणि बंदुकीचं पातळ तेल. व्हर्निअर कॅलिपर मिळाला तर उत्तम. कोल्हापुरात तो दर तिसऱ्या घरात सापडतो. चष्मा आणि कानाचं संरक्षण यावर वेगळं लिहायला नको. सेफ्टी फ्लॅग (चेंबर मोकळं असल्याचं दाखवणारी रंगीत पट्टी) मात्र हाताशी हवा.

तुमच्या मॉडेलचं मॅन्युअलही हवं. बोल्ट काढायची पद्धत प्रत्येक कंपनीची वेगळी असते. पार्डिनी उघडता येतं म्हणून वॉल्थर उघडता येईल असं नाही.

## १. अडकलं त्या क्षणी

बोट ट्रिगरवरून बाहेर. नळी टार्गेटकडेच. पकड सोडायची नाही, पिस्तूल तोंडाजवळ आणून आत डोकवायचं नाही. मोकळा हात वर करा.

आता आठवा: आवाज कसा आला?

नेहमीसारखा आवाज आला आणि पुढचा शॉट सुटला नाही, तर ही अडकण्याची भानगड आहे. पुढे वाचा.

नुसतं ‘टिक’ झालं, तर पिन बसली पण काडतूस पेटलं नसावं. ते उशिरा पेटू शकतं. नळी टार्गेटकडे धरून निदान ३० सेकंद थांबा, मगच उघडा.

> इथे थांबा: आवाज फुसका आला, धक्का जाणवला नाही किंवा टार्गेटवर भोक दिसत नाही, तर गोळी नळीतच राहिलेली असू शकते. पुढचा शॉट घेतला तर नळी फुगते किंवा फुटते. बोल्ट ओढून नवा राउंड चढवायचा नाही. रिकामं करा, कोचला द्या, नळीतून आरपार उजेड दिसेपर्यंत त्या पिस्तुलाने शॉट नाही.

## २. हात लावण्याआधी बघा

पिस्तूल बेंचवर, नळी टार्गेटकडे, इजेक्शनची खिडकी वर दिसेल असं धरा आणि फक्त बघा. सराव असेल आणि कोच हो म्हणाला तर शेजारच्या माणसाला फोटो काढायला सांगा. या दहा सेकंदांत जे दिसतं ते नंतर कुठलाही मिस्त्री सांगू शकत नाही.

दिसणारी चित्रं साधारण सहा आहेत. सगळ्यांनाच पोरं ‘फीडिंग जाम’ म्हणतात, पण शेवटच्या दोन प्रकारांचा फीडिंगशी संबंध नाही.

गोळीचं नाक रॅम्पवर (चेंबरकडे चढणाऱ्या उतारावर) टेकून थांबलंय. राउंड खालच्या कोनातून आला. मॅगझिनची स्प्रिंग, रॅम्पवरचा मळ, किंवा बोल्ट हाताने हळू सोडलेला.

नाक वर, चेंबरच्या वरच्या कडेला अडकलंय. मॅगझिनच्या ओठांनी (राउंड धरून ठेवणाऱ्या वरच्या कडांनी) राउंड लवकर सोडला. ओठ फाकलेले असण्याची शक्यता जास्त.

बोल्ट पुढे बंद, चेंबर रिकामं, राउंड मॅगझिनमध्ये तसाच. बोल्ट राउंडच्या वरून निघून गेला. एक तर मॅगझिन नीट बसलेलं नाही, नाहीतर बोल्ट पुरेसा मागे गेलाच नाही. फरक ओळखायचा तर आधीच्या पुंगळ्या (काडतुसांची उडालेली पितळी नळकांडी) बघा. नेहमी दीड-दोन मीटरवर उडणाऱ्या पुंगळ्या पायाशी पडत असतील तर बोल्टला जोर कमी पडतोय.

राउंड आत गेला, पण बोल्ट मिलिमीटर-दोन मिलिमीटर उघडा राहिला. चेंबरमध्ये मेण-शिशाचा थर, वाकडी गोळी किंवा दमलेली रिकॉइल स्प्रिंग (बोल्टला परत पुढे आणणारी). अंगठ्याने ठोकून बोल्ट बंद करायचा नाही. .२२ चा पेटणारा मसाला तळाच्या कडेत असतो. त्या कडेवर दाब देऊन अर्धवट बंद बोल्टमध्ये काडतूस फुटलं तर पितळेचे तुकडे तुमच्याच दिशेने येतात.

जुनी पुंगळी चेंबरमध्येच, नवा राउंड मागून ढकलतोय. पुंगळी बाहेर निघाली नाही. एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारं नख) आणि चेंबर बघायचं, मॅगझिन नाही.

पुंगळी खिडकीत उभी चेपलेली. निघाली, पण उडाली नाही. इजेक्टर (पुंगळी बाहेर उडवणारा भाग), कमी जोर किंवा ढिली पकड.

## ३. मोकळं करणं

क्रम बदलू नका.

आधी मॅगझिन काढा. नवा राउंड मागून घुसलेला असेल तर मॅगझिन ताठ बसतं आणि निघत नाही. तेव्हा बोल्ट मागे ओढून अडकवा, दाब सुटतो, मग मॅगझिन खाली ओढा.

मॅगझिन बाहेर आल्यावर बोल्ट पूर्ण मागे. जे सुटं आहे ते पडेल. चेंबरमध्ये चिकटलेलं काही असेल तर टूथपिकने किंवा पितळी काडीने हलकेच सुटं करा. स्क्रू ड्रायव्हर, किल्ली यातलं काही नको. आत भरलेला राउंड असेल आणि लोखंडी टोकाने तुम्ही तळाच्या कडेलाच उचकताय, म्हणजे पिन जिथे मारते तिथेच. हलका हात लावूनही निघत नसेल तर काम कोचचं.

शेवटी चेंबर डोळ्यांनी बघा, मग करंगळीच्या टोकाने चाचपा, मग सेफ्टी फ्लॅग घाला. फ्लॅग पूर्ण आत जातोय म्हणजे चेंबर मोकळं.

पडलेला राउंड पुसून पुन्हा भरू नका. नाक चेपलेली किंवा पुंगळीत सैल झालेली गोळी पुढच्या वेळी नक्की अडकते. असे राउंड वेगळ्या डबीत ठेवा, रेंजच्या नियमाप्रमाणे जमा करा आणि नोंदवहीत वजा-बाकी जुळवा.

## ४. एक ओळ लिहा

मॅगझिन नंबर, कितवा राउंड, सहापैकी कोणतं चित्र, काडतुसाचा लॉट. बस.

‘कितवा राउंड’ हा रकाना सगळ्यात बोलका आहे. पहिलाच राउंड अडकत असेल तर तुम्ही बोल्ट कसा सोडता आणि मॅगझिनचे ओठ कसे आहेत ते बघा. चौथा-पाचवा अडकत असेल तर मॅगझिनची स्प्रिंग मऊ पडलीय, शेवटचे राउंड ती वेळेत वर आणत नाही. मधलाच कुठलातरी, दर वेळी वेगळा, तर भरताना राउंडच्या तळाच्या कडा एकमेकींत अडकल्या आहेत किंवा चेंबर घाण आहे. आणि तक्रार नंबर दोनच्या मॅगझिनमागेच फिरत असेल तर पिस्तूल उघडायचं कारणच नाही.

## ५. मॅगझिन: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

.२२ च्या राउंडला तळाशी बाहेर आलेली काठ असते. पुंगळीचा व्यास ५.७ मिमीच्या आसपास, काठेचा साधारण ७ मिमी. राउंड एकावर एक रचताना वरच्या राउंडची काठ खालच्या राउंडच्या काठेच्या पुढे असायला हवी. ती मागे अडकली की बोल्ट वरचा राउंड ढकलतो, तो खालच्यालाही ओढायला बघतो आणि दोन्ही जागेवर बसतात.

हे होतं भरताना. बाजूचं बटण तळापर्यंत दाबून धरायचं आणि पाच राउंड वरून टाकायचे, अशी घाईची सवय बऱ्याच जणांना असते. राउंड आत आडवेतिडवे पडतात, बटण सोडलं की स्प्रिंग त्यांना तसंच चेपते. बटण एका राउंडपुरतंच खाली न्या, राउंड पुढून मागे सरकवत बसवा, पुढच्यासाठी पुन्हा एक पायरी खाली.

तपासा: भरलेलं मॅगझिन बाजूने धरा. पाचही गोळ्यांची नाकं एकाच कोनात दिसली पाहिजेत. वरचा राउंड बोटाने जरा दाबून सोडा. तो गुळगुळीत परत यायला हवा. मधेच अडखळला तर रिकामं करून पुन्हा भरा.

मग ओठ. एखादं न पडलेलं, नीट चालणारं मॅगझिन शेजारी धरा आणि वरच्या राउंडची उंची बघा. व्हर्निअरने ओठांमधलं अंतर पुढच्या टोकाला आणि मागच्या टोकाला मोजा. केसाएवढा फरकही गोळीचा कोन बदलतो. ओठ फाकतात ते मॅगझिन काँक्रीटवर पडून. लेनमध्ये पायाशी रबरी मॅट टाका, पैसे वाचतील.

फाकलेले ओठ पक्कडीने आत वळवू नका. एकदा जमल्यासारखं वाटतं, दोन्ही बाजू सारख्या कधीच येत नाहीत. ते मॅगझिन सरावातून बाद.

आतून साफ करताना तळपट्टी काढण्याआधी स्प्रिंग कोणत्या दिशेने बसलीय त्याचा फोटो घ्या. उलटी बसवलेली स्प्रिंग फॉलोअरला (राउंड वर उचलणाऱ्या पट्टीला) तिरकं ढकलते आणि नवीनच तक्रार सुरू होते. आतलं मेण-काजळी कोरड्या कापडाने पुसा. तेल अजिबात नको. ते राउंडला लागतं आणि बारूदाची राख धरून ठेवतं.

मॅगझिन चढवल्यावर तळहाताने दाबा आणि एकदा खाली ओढून बघा. ‘बसलं असेल’ यावर विसंबून अर्धी सिरीज (पाच शॉटचा संच) गेलेले नेमबाज कमी नाहीत.

## ६. राउंड

.२२ ची गोळी उघड्या शिशाची, वरून मेणाचा पातळ थर. डबा एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डिकीत राहिला की मेण पाघळतं, राउंड चिकट होतात, मॅगझिनमध्ये घसरत नाहीत. डबा सावलीत, पाकिटातच ठेवा. खिशात सुटे राउंड टाकायचे नाहीत; नाकावर खरवड पडते आणि धाग्याचा कचरा सोबत आत जातो.

लॉट बदलला आणि तक्रार सुरू झाली, तर जुन्या लॉटचे राउंड त्याच मॅगझिनमधून चालवून बघा. मॅच पिस्तुलं स्टँडर्ड व्हेलॉसिटीच्या काडतुसावर बेतलेली असतात. ‘जोर कमी पडतोय तर हाय व्हेलॉसिटी वापरू’ हा उपाय बोल्ट आणि फ्रेमवर हातोडा मारल्यासारखा आहे, करू नका.

## ७. चेंबर, रॅम्प, एक्स्ट्रॅक्टर

लोक नळी चकचकीत करतात आणि चेंबर तसंच ठेवतात. अडकण्याच्या दृष्टीने नळी मळकी असली तरी फारसं बिघडत नाही. चेंबरच्या तोंडाशी साठलेला मेण-शिशाचा करडा कडा मात्र राउंड शेवटच्या मिलिमीटरला थांबवतो.

पिस्तूल रिकामं, मॅगझिन बाहेर, बोल्ट मॅन्युअलप्रमाणे काढलेला. चेंबर ब्रशला सॉल्व्हंटचे दोन थेंब, मागून आत, हळू फिरवा. पाच मिनिटं भिजू द्या, कापड आरपार काढा. कापड कोरडं आणि स्वच्छ येईपर्यंत. लोखंडी ब्रश वापरू नका. रॅम्प फक्त पुसा. पॉलिश पेपर किंवा एमरी मारून त्याला ‘गुळगुळीत’ करायचा मोह आवरा. त्याचा कोन बदलला की तो परत आणता येत नाही.

एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली टूथपिक फिरवा. काळा, घट्ट मळ निघतो. तो असेपर्यंत नख काठेला पूर्ण धरत नाही. बोल्टचा चेहरा टूथब्रशने.

आता इअरबड चेंबरच्या कडेवरून गोल फिरवा. एकाच जागी कापूस अडकून तंतू सुटत असेल तर तिथे बर (धातूची उठलेली बारीक धार) आली आहे. ती येते रिकाम्या पिस्तुलाचा ट्रिगर ओढत राहिल्याने. .२२ मध्ये आत राउंड नसेल तर पिन सरळ चेंबरच्या कडेवर आपटू शकते. ड्राय ट्रेनिंगसाठी (राउंडशिवायच्या सरावासाठी) पिस्तुलात वेगळी सोय असेल तर तीच वापरा, नसेल तर स्नॅप कॅप (नकली काडतूस) घाला. आलेली बर स्वतः कानस लावून काढायची नाही.

हे सगळं करताना हाताला शिसं लागतं. रेंजवरून थेट मिसळ खायला निघणाऱ्यांनी आधी साबणाने हात धुवावेत.

## ८. तेल: पावसाळ्यातली खरी अडचण

जून ते सप्टेंबर आपल्याकडे कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, त्यामुळे गंजाची भीती रास्त आहे. पण त्या भीतीने पिस्तूल तेलात बुडवलं जातं. तेल आणि न जळलेली बारूद मिळून काळं उटणं तयार होतं आणि तेच बोल्टला मंद करतं. मग ‘पावसात पिस्तूल अडकतं’ असं म्हटलं जातं. पावसाचा दोष नसतो.

बोल्टच्या रुळांवर एकेक थेंब, बोटाने पसरवून जास्तीचं पुसून टाका. चेंबर, मॅगझिन, फायरिंग पिनची वाट कोरडी. बाहेरच्या धातूवर तेलाचा नुसता पुसट हात. खोबरेल नको, रॉकेल नको, गंज सोडवायचा स्प्रेही नको. खोबरेल थंडीत घट्ट होतं. स्प्रे काडतुसात झिरपू शकतो.

पिस्तूल फोमच्या पेटीत दिवसेंदिवस ठेवू नका, फोम ओल धरतो. सराव संपला की पुसून, कापडात, सिलिका जेलची पुडी टाकून, कुलपात.

## ९. स्प्रिंग आणि हात

रिकॉइल स्प्रिंग बदलण्याआधी तुमचा हात तपासा. ब्लोबॅक पिस्तुलात नळी स्थिर असते आणि बोल्ट पुंगळीच्या धक्क्याने मागे जातो. मनगट सैल पडलं तर तो धक्का पिस्तूलच खाऊन टाकतं आणि बोल्ट अर्ध्यातून परततो. शेवटच्या सिरीजमध्ये, दमल्यावरच अडकत असेल तर संशय इथे घ्या. दुसरं म्हणजे अंगठा. लाकडी ग्रिप घासून अंगठ्याची जागा वर घेतली असेल तर तो बोल्टला चाटतो. अंगठ्याच्या बाजूला काळी रेघ उमटते ती बघा.

सोपी पडताळणी: तेच पिस्तूल, तेच मॅगझिन, तोच लॉट, कोचच्या हातात. तिथे व्यवस्थित चाललं तर स्प्रिंगवर खर्च करू नका.

पहिला राउंड चढवताना बोल्ट बोटांनी पुढे नेऊन ‘अलगद’ बंद करणंही बंद करा. पूर्ण मागे ओढा आणि सोडून द्या. तो स्प्रिंगच्या पूर्ण जोराने बंद व्हावा अशीच त्याची रचना आहे.

स्प्रिंग बदलायचीच तर त्याच मॉडेलची, कंपनीची. नव्या-जुन्या स्प्रिंगची लांबी शेजारी ठेवून बघा आणि बदलल्याची तारीख वहीत लिहा.

## १०. चाचणी

एका वेळी एकच बदल. मॅगझिन, लॉट आणि तेल तिन्ही एकाच दिवशी बदलले तर पिस्तूल चालेल, पण कशाने चाललं ते कळणार नाही आणि पुढच्या महिन्यात परत तिथेच याल.

आधी मॅगझिनमध्ये एकच राउंड. शॉट, पुंगळी उडाली का, कुठे पडली. मग दोन राउंड. मग पाच. प्रत्येक मॅगझिन वेगळं. तक्रार पाचव्या राउंडची होती तर एकेक राउंड चालला म्हणून खूश होण्यात अर्थ नाही.

## स्पर्धेच्या दिवशी

वरचं सगळं सरावासाठी. स्पर्धेत बोल्टला हात लावायचाच नाही. नळी टार्गेटकडे, पकड कायम, मोकळा हात वर, रेंज ऑफिसर येईपर्यंत थांबा. त्यांनी तपासण्याआधी तुम्ही पिस्तूल उघडलं तर तो बिघाड ग्राह्य धरला जात नाही. सेफ्टी काढायची राहिली, राउंड भरलेच नव्हते, ट्रिगर पुरता पुढे सोडला नाही, हेही तुमच्याच खात्यात. स्पोर्ट पिस्तुलाच्या रॅपिड टप्प्यात टार्गेट प्रत्येक शॉटला ३ सेकंद समोर असतं. तेवढ्यात मोकळं करू म्हणणारा सिरीजही घालवतो आणि दावाही.

## कुठे थांबायचं

बर, फाकलेलं नख, तुटका इजेक्टर, नळीतली गोळी, पुन्हा पुन्हा अर्धवट बंद राहणारा बोल्ट. ही कामं परवाना असलेल्या गनस्मिथची.

कोल्हापुरात इथेच घोळ होतो. उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, कुणीतरी काका असतातच आणि त्यांना दाखवलं की ‘दे इकडं, दहा मिनिटांत करून देतो’ असं उत्तर येतं. करूनही देतील, ऑइल इंजिनचा भाग नमुन्यावरून हुबेहूब काढणारी माणसं आहेत ती. पण शस्त्र कायद्याखाली बंदुकीची दुरुस्ती परवान्याशिवाय करता येत नाही, आणि अडचणीत काका आणि तुम्ही दोघंही याल. स्प्रिंगचं माप घ्यायलासुद्धा पिस्तूल लेथवर नेऊ नका.

गनस्मिथकडे जाताना परवान्याची मूळ प्रत, पिस्तूल रिकामं आणि फ्लॅग लावलेलं, सगळी मॅगझिन (चांगलं चालणारंही), उडालेल्या पुंगळ्यांपैकी चेपलेल्या दोन-चार, आणि ती वही. वही पहिल्यांदा उघडून द्या. ‘नंबर दोन, पाचवा राउंड, नाक रॅम्पवर’ एवढं वाचलं की तो तुमच्या पिस्तुलाला हात लावण्याआधी मॅगझिनची स्प्रिंग मागेल.